मदत हवी आहे : इंग्रजी 'गेट' मुलांना कसं शिकवावं?

नमस्कार मंडळी. मराठी माध्यमाच्या नववी-दहावीच्या मुलांना मी संध्याकाळी इंग्रजी शिकवते. सध्या गाडी 'गेट' या क्रियापदापाशी अडली आहे.

'गेट म्हणजे मिळणे' हे मुलांना पाठ आहे. 'आय गॉट अ लेटर' तेवढ्यावर निभावतं, पण 'इट इज गेटिंग डार्क' आलं की 'अंधार मिळतोय' असं लिहितात. म्हणून मी आता पुढचा शब्द बघायला सांगते. पुढे नाम असेल तर मिळणं किंवा आणणं, विशेषण असेल तर होणं, ठिकाण असेल तर पोहोचणं. 'आय गॉट माय हेअर कट' मात्र चटकन कळलं, कारण 'मी केस कापून घेतले' हे आपण रोज बोलतो. आपलं 'लागणे'ही कामी आलं. भूक लागते, नोकरी लागते, घाट लागतो, ठेच लागते, 'ती तुझी कोण लागते?' हे सगळं फळ्यावर लिहिलं, तेव्हा एका क्रियापदाला इतके अर्थ असतात हे त्यांना पटलं.

अडलंय ते 'गॉट टू'पाशी. 'आय गॉट टू मीट द कलेक्टर' याचं एका मुलीने 'मला कलेक्टरांना भेटावं लागलं' असं केलं. मी 'भेटायला मिळालं' असं सांगितलं. त्यावर ती म्हणाली, "मग मालिकेत 'आय गॉट टू गो' म्हणून लोक घाईघाईने निघतात, त्यांना काय जायला मिळालेलं असतं?" प्रश्न रास्त आहे. तिला नीट उत्तर द्यायचंय. कुणी हे शिकवलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद :
ताई, मुलगी हुशार आहे, तिला शाबासकी द्या. मालिकेतलं वाक्य मुळात 'आय हॅव गॉट टू गो' असं असतं. बोलण्याच्या ओघात 'हॅव' गळतं आणि 'गॉटा' एवढंच ऐकू येतं. रूप भूतकाळाचं दिसलं तरी अर्थ आत्ताचा आहे : मला निघायलाच हवं. काल जावं लागलं असेल तर 'आय हॅड टू गो' म्हणतात. म्हणून वाक्याला 'यस्टरडे' जोडून बघायला सांगा. 'यस्टरडे आय गॉट टू मीट द कलेक्टर' बरोबर जुळतं, म्हणजे भेटायला मिळालं. आत्ता दाराकडे निघालेल्या माणसाच्या वाक्याला 'यस्टरडे' जोडताच येत नाही. अमेरिकेत तर रूपच वेगळं आहे : 'हॅव गॉटन टू' म्हणजे करायला मिळालंय, 'हॅव गॉट टू' म्हणजे करायलाच हवं.

धागाकर्ती :
मनापासून आभार! उद्याच्या तासाला हेच घेते. आणखी एक, 'वी विल गेट टू सी द सी' यात सक्तीचा अर्थ कधी येतो का?

प्रतिसाद :
नाही. तिथे समुद्र बघायला मिळणार, एवढाच अर्थ. सक्ती असेल तर 'विल हॅव टू'.