प्रभूच्या प्रार्थनेतलं 'ऋण सोड' : मुलांना काय सांगायचं?

कॅम्पवाली
आमच्या चर्चची उपवासकाळासाठी मुलांची छोटी पुस्तिका निघते आहे. मराठी करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. अडले ती प्रभूच्या प्रार्थनेपाशी. आपण सगळ्यांनी पाठ केलेली ओळ: 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.' शब्बाथशाळेत नऊ वर्षांच्या एका पोराने हात वर केला, "टीचर, देवाकडून आपण लोन घेतलंय का?" सगळा वर्ग हसला, मीसुद्धा. मग पुस्तिकेत कंसात अर्थ म्हणून मी लिहिलं, 'आमच्या चुका माफ कर.' पाळकसाहेबांनी 'माफ'वर लाल रेघ ओढली. म्हणाले, माफी सरकार देतं, देव क्षमा करतो. माझी आई तर उभा जन्म 'माफ कर रे देवा' म्हणत आली. मुलांना कळेल असा शब्द सुचवा. शुक्रवारी छापायला जायचं आहे.

पेठेतला_पंतोजी
पाळकसाहेबांचं बरोबर आहे. माफ हा अरबी शब्द, फारसीतून आपल्या दफ्तरात शिरला. सारामाफी, कर्जमाफी, सगळी दरबारी भाषा. 'क्षमा'सारखा सरळ शब्द हाताशी असताना दुसरीकडे बघायचंच कशाला?

मोडीवेडा
पंतोजी, क्षमा तरी मराठी कुठे आहे? तोही संस्कृतातून उचललेला. आणि धातू बघा: क्षम् म्हणजे सहन करणे. सक्षम, क्षमता त्याच घरातले. पृथ्वीला 'क्षमा' म्हणतात ते ती आपल्याला पायाखाली सोसते म्हणून. म्हणजे क्षमा करणारा गिळून गप्प बसतो, पण हिशेब वहीत तसाच राहतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ग्रीक मजकुरात इथे जे क्रियापद आहे त्याचा अर्थ सोडणे, जाऊ देणे. येशूच्या अरामी बोलीत तर देणं आणि पाप या दोन्हींना एकच शब्द होता, होबा. जुन्या भाषांतरकारांनी 'ऋण सोड' केलं ते अडाणीपणाने नव्हे.

कॅम्पवाली
सोसण्याचं पटतं, पण अर्धंच. कलस्सैकरांच्या पत्रात (3:13) आधी 'एकमेकांचे सहन करा' आहे आणि पुढे 'क्षमा करा'. दोन्ही एकच असतं तर पौलाने दोनदा कशाला लिहिलं असतं? आणि लूकच्या शुभवर्तमानात याच प्रार्थनेत 'पापांची क्षमा' आहे, तिथे ऋण नाही. म्हणजे मराठी बायबलला क्षमेचं वावडं नाही.

मोडीवेडा
लूकच्या त्याच ओळीचा उत्तरार्ध वाचा. तिथे ऋणी परत येतोच. :)

गुलटेकडी_गाळा_नं
मी ख्रिस्ती नाही, पण वही रोज लिहितो म्हणून बोलतो. उधारी सुटली की आम्ही 'खातं बेबाक' म्हणतो. संवत्सरीला शेजारचे जैन व्यापारी हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणून जातात. त्याच हातांनी दुसऱ्या दिवशी तगाद्याचा फोन करतात. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. क्षमा वेगळी, बाकी वेगळी! 'माफ'बद्दल म्हणाल तर 2017 साली सगळे कर्जमाफी म्हणत होते, 2019 च्या योजनेच्या नावात मात्र 'कर्जमुक्ती' आलं. माझ्या चुलत्यांना विचारलं तर म्हणाले, माफी म्हटलं की आम्ही चोर ठरतो. पाळकांना 'माफ' खटकतं ते याच कारणाने का?

कॅम्पवाली
उलट! प्रार्थनेत आपण चोर असतोच. चुलत्यांना जे टोचतं तेच तिथे कबूल करायचं असतं. मत्तय 18 मधला चाकर बघा. त्याचं देणं 10,000 तालांत. एक तालांत म्हणजे 6,000 दिनार आणि दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. करा हिशेब, 6 कोटी दिवस. ते धनी सोडून देतो. आणि हा बाहेर पडल्या पडल्या 100 दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. इथे धन्याने 'सहन केलं' म्हटलं तर गोष्टच कोसळते.

रास्ता_पेठ_६५
भाषेतलं मला कळत नाही, पण 'सोडणे' मी सही करून केलंय. हक्कसोडपत्र. वडिलांच्या घरातला हिस्सा भावाच्या नावे. निबंधक कार्यालयात माझा अंगठा यंत्रावर उमटेना, चुना-भांडी करून रेषाच गेलेल्या. भावाने खिशातला रुमाल ओला करून माझा अंगठा पुसला, तेव्हा उमटला. कागदावर 'स्वखुशीने' असं लिहिलेलं होतं. नंतर चार वर्षं मी त्याच्या दारात पाऊल ठेवलं नाही. रविवारी ही ओळ आली की ओठ नुसते हलवायचे. 'सोडले आहे' म्हणताना जीभ अडायची, 'आहे'वर. 'सोडत आहोत' असतं तर म्हणाले असते. आता जाते येते. तरी बस त्या चौकातून वळली, वरच्या मजल्याचा पत्रा दिसला, की परत सोडावं लागतं. येशूने पेत्राला 'सत्तर वेळा सात क्षमा कर' असं का सांगितलं ते मला बसमध्ये कळलं.

मोडीवेडा
ताई, 'आहे'चा मुद्दा बिनतोड आहे. मत्तयाच्या जुन्या ग्रीक प्रतींत 'सोडलं' असंच आहे, लूकमध्ये 'सोडतो'. तुमची जीभ नेमकी पाठभेदावर अडत होती.

केडगाव_लाइन
पंडिता रमाबाईंनी इथे काय केलंय ते बघायला हवं. त्यांनी मूळ भाषांवरून साध्या बायकांना कळेल असं बायबल केलं, मुक्ती मिशनच्या छापखान्यात बायकांनीच ते छापलं, 1924 मध्ये पुरं आलं. रमाबाई 1922 लाच गेल्या होत्या. आमच्या आजीची प्रत वाळवीने खाल्ली, नाहीतर आत्ता ओळच टाकली असती.

पेठेतला_पंतोजी
एवढ्या चर्चेत 'प्रायश्चित्त' कुणाच्याच तोंडी नाही! पुण्यात आणि ख्रिस्ती विषयात? 1890 साली इथल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतला म्हणून रानडे-टिळकांसकट किती मंडळी अडचणीत आली. गोपाळराव जोशांनी नावं 'पुणेवैभव' पत्रात छापून आणली, प्रायश्चित्ताचं प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. 'सोड' म्हणून कुणी सुटला नाही. चुकलं की भरायचं, हा आपला रोकडा हिशेब.

कॅम्पवाली
भरावं लागतंच, आमच्याकडेही. फक्त भरणारा दुसरा. योहानाच्या पहिल्या पत्रात ख्रिस्तालाच 'आपल्या पापांबद्दल प्रायश्चित्त' म्हटलंय, शब्द तुमचाच. पण हे मी नऊ वर्षांच्या पोराला कसं सांगू?

गुलटेकडी_गाळा_नं
चहा सगळे प्यायले होते का? काहींनी नुसता कप हातात धरला असं वाचलंय.

पेठेतला_पंतोजी
घेतला म्हणजे प्यायला की धरला, हाच तर त्या वेळचा वाद! वेगळा धागा काढतो.

केडगाव_लाइन
काढा. पंचहौदचे पाच हौद नक्की कुठे होते, तेही घ्या त्यात.

कॅम्पवाली
मंडळी, शुक्रवार उद्यावर आला. तूर्त ओळ तशीच ठेवलीय, कंसातला अर्थ काढून टाकलाय. खाली वहीचं चित्र काढून घेतलंय, एक आकडा, त्यावर काट. पाळकसाहेब म्हणतात आकडा किती घालायचा ते विचारून सांगा.

पेठेतला_पंतोजी
आकड्याचं बघू. आधी 'आम्हांस'वरचा अनुस्वार छापखान्याला बजावून ठेवा, हल्ली खातात.