दुधाच्या पिशवीच्या 50 पैशांचं पुढे काय झालं?

नळस्टॉपकर: 2018 ला राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हा दुधाची रिकामी पिशवी परत दिली की किमान 50 पैसे मिळणार होते. जून 2019 मध्ये पर्यावरणमंत्री रामदास कदमांनी महिनाभरात सुरू होईल असं सांगितलं. आई अजून पिशव्या धुऊन वाळवते, पण दूधवाला घेत नाही. पिशव्या परत घ्यायची कंपन्यांवरची जबाबदारी सरकारने काढली का?

दाणावाला: काढली नाही हो, वाट बदलली. जुनी पन्नी वितळवून पुन्हा वापरायचा प्लास्टिकचा दाणा करतो, त्यामुळे हे फेरे जवळून बघितलेत. 2011 च्या केंद्राच्या नियमांत कचरा गोळा करायची व्यवस्था नगरपालिकेच्या गळ्यात, कंपनीकडून हातभार लावून घ्यायचा एवढंच. 2016 ला कंपन्यांनी आपला माल परत गोळा करायची योजना द्यायची असं ठरलं. वेफर्सच्या पुडीसारखं रिसायकल न होणारं बहुपदरी प्लास्टिक दोन वर्षांत बंद, हेही त्यातच. मुदत भरली आणि मार्च 2018 मध्ये वाक्यात भर पडली: ज्यातून ऊर्जा मिळत नाही किंवा ज्याचा दुसरा उपयोग नाही असं प्लास्टिक बंद. आता सिमेंटच्या भट्टीत काय जळत नाही? पुडी वाचली!

फेब्रुवारी 2022 ला कंपनीने आपल्या प्लास्टिकपैकी किती गोळा करायचं याचे आकडे आले. 2021-22 साठी 25 टक्के, मग 70, मग 100. पण कंपनीने स्वतःचीच पिशवी उचलायला हवी असं नाही. त्याच प्रकारचं तेवढं वजन आमच्यासारख्या नोंदणीकृत कारखान्याने रिसायकल केल्याचं प्रमाणपत्र सरकारी पोर्टलवर विकत घेतलं की काम झालं. तुमच्या आईच्या पिशवीशी डेअरीचा संबंधच उरत नाही.

कोथरूडची_मावशी: आणि ती बनावट प्रमाणपत्रं? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळालाच लाखोंनी सापडली ना?

दाणावाला: सापडली. मावशी, एका मशीनमधून दिवसाला किती दाणा निघणार ते वीजबिल बघून कुणीही सांगेल. प्रमाणपत्र देण्याआधीच बघायला हवं होतं. प्रामाणिक कारखान्याचा भाव त्याने पडतो, हा माझा खरा राग.

नळस्टॉपकर: म्हणजे 50 पैसे विसरायचे?

दाणावाला: माझ्या मते हो. अनामत म्हणजे दुकानदाराने आंबलेल्या पिशव्या मोजून साठवायच्या, डेअरीने त्या गाडीतून परत न्यायच्या. त्यापेक्षा प्रमाणपत्र सोपं. आईंना म्हणावं, भंगारवाल्यालाच द्या. छापील असल्याने दाणा करडा निघतो, भाव साध्या पन्नीपेक्षा कमीच, पण धुतलेली असली तर आम्ही हसत घेतो. फक्त कोपरा कापून वेगळा करू नका, नुसती चीर द्या. तो तुकडा कुणीच वेचत नाही.