गणपतराव देशमुख यांच्या अकरा विजयांचा हिशेब

वाटसरू:
सांगोल्याचे माजी आमदार गणपतराव देशमुख यांच्याविषयीच्या लेखांत ‘सलग अकरा वेळा विजयी’, ‘५५ वर्षे आमदार’ आणि ‘देशातील विक्रम’ ही विधाने सर्रास आढळतात. १९९५ साली ते पराभूत झाल्याचे मला पक्के आठवते. मग ‘सलग’ कसे म्हणायचे? जाणकारांनी खुलासा करावा.

माणकाठ:
‘सलग’ हा शब्द चुकीचाच आहे. १९६२ आणि १९६७ साली निवडून आलेले आबासाहेब, म्हणजे गणपतराव, १९७२ मध्ये काँग्रेसच्या काकासाहेब साळुंखे यांच्याकडून हरले. पुढे साळुंखे यांच्या निधनामुळे १९७४ साली पोटनिवडणूक लागली आणि ती आबासाहेबांनी जिंकली. त्यानंतर १९७८, १९८०, १९८५ आणि १९९० असे चार विजय मिळाले. १९९५ मध्ये मात्र शहाजीबापू पाटील यांनी त्यांना अवघ्या १९२ मतांनी हरवले. आमच्याकडच्या एखाद्या वस्तीने जरी बाजू बदलली असती, तरी तो निकाल उलटा लागला असता. १९९९ पासून २०१४ पर्यंतच्या चारही निवडणुका त्यांनी पुन्हा जिंकल्या. थोडक्यात, लढती तेरा, विजय अकरा.

ताळेबंद:
‘५५ वर्षां’चा आकडाही मला पटत नाही. १९६२ ते १९७२ ही दहा, १९७४ ते १९९५ ही सुमारे एकवीस आणि १९९९ ते २०१९ ही वीस धरली, तर बेरीज एक्कावन्नच्या आसपास येते. मधल्या दोन पराभवांची वर्षे बहुधा कोणी वजाच करत नाही.

देशपातळीवरचा विक्रम म्हणावा, तर केरळमध्ये के. एम. मणी एकट्या पाला मतदारसंघातून तेरा वेळा निवडून आले. करुणानिधीही तेरा वेळा जिंकले, तेही एकदाही न हरता. मात्र त्यांनी मतदारसंघ अनेकदा बदलले.

माणकाठ:
हिशेब मान्य, पण विक्रमाच्या वादात मुख्य गोष्ट निसटते आहे. हे अकराही विजय शेतकरी कामगार पक्षाचेच आहेत, आणि २०१४ साली त्या पक्षाचे सबंध राज्यात तीनच आमदार निवडून आले होते. १९७८ आणि १९९९ ची मंत्रिपदे सोडली, तर आबासाहेबांची बहुतेक कारकीर्द विरोधी बाकांवरच गेली. सत्तेबाहेरचा माणूस दुष्काळी तालुक्यातून इतक्या वेळा निवडून येतो, तो केवळ पक्षाच्या जोरावर नव्हे. एसटीने फिरणारा आमदार ही त्यांची ओळखही कोणा प्रसिद्धिप्रमुखाने घडवलेली नव्हती.

वाटसरू:
खुलाशाबद्दल आभार. मग ही मते व्यक्तीची मानली, तर २०१९ मध्ये ते स्वतः उभे नसताना त्यांचे नातू अनिकेत हे त्याच शहाजीबापूंकडून केवळ ७६८ मतांनी हरले, याचा अर्थ काय लावायचा?

माणकाठ:
व्यक्तीची मते बरीचशी घराण्याकडे वळली, थोडी गळाली, असा लावावा लागेल. २०२४ मध्ये दुसरे नातू बाबासाहेब यांनी शहाजीबापूंनाच हरवून ती जागा शेकापकडे परत आणली.