‘ऑथेल्लो’चं ९० मिनिटांचं अभिवाचन : कात्री कुठे लावायची?

कोथरूडकर : शनिवार पेठेत सुदर्शन रंगमंचावर शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’चं मराठी अभिवाचन करायचं घाटतंय. वेळ ९० मिनिटं. वाचणारे पाच पुरुष, दोन बायका. भर द्यायचाय तो परकेपणावर आणि बायकांच्या स्थितीवर. गटातलं मत असं की चौथ्या अंकाचा तिसरा प्रवेश (४.३) आणि बियांका हे छोटं स्त्रीपात्र काढावं, कथानक त्यांच्यावाचून अडत नाही. ऑथेल्लो हा वेनिसच्या चाकरीतला काळा मूर (उत्तर आफ्रिकी) सेनापती, तर तो वाचणाऱ्याने तोंडाला काळा रंग लावावा, असंही एक टुमणं आहे. तिसरी अडचण : ‘ऑनेस्ट’ला दर ठिकाणी वेगळाच मराठी शब्द पडतोय.

संहितावाला : मूळ नाटक साधारण ३,३०० ओळींचं. मोठ्याने वाचताना तासाला हजारेक ओळी होतात, मराठीत वाक्य लांबतं. म्हणजे मूळच्या १,३०० ओळींच्या वर जाऊ नका. विदूषकाचे दोन्ही तुकडे, दवंडी, किनाऱ्यावर वादळात गलबतांची वाट बघणं, तुर्की जहाजं १०७ की १४० की २०० हा दरबारी घोळ, सगळं जाऊ द्या. खलनायक इयागो ज्याला लुबाडतो त्या रॉड्रिगोचं पैशाचं रडगाणं एकदाच पुरे.

पण ४.३ ला हात लावू नका. जेमतेम शंभर ओळी, सात-आठ मिनिटं. १६२२ च्या पहिल्या छापील प्रतीत ऑथेल्लोची बायको डेस्डिमोना हिचं विलोच्या झाडाचं दुःखी गाणं नाही आणि बायका घसरतात त्यात नवऱ्यांचाच दोष, हे तिची दासी आणि इयागोची बायको एमिलिया हिचं बोलणंही नाही. दोन्ही १६२३ च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या संग्रहात, आहेत. ते गेलं की एमिलिया नुसती डेस्डिमोनाचा पडलेला रुमाल उचलणारी दासी उरते. मग पाचव्या अंकात ती भर खोलीत नवऱ्यादेखत सगळ्यांना सांगते की त्याचं ऐकणं माझं कर्तव्य, पण आत्ता नाही, तेव्हा प्रेक्षकाला प्रश्न पडतो, हिला हे बळ आलं कुठून? ते बळ ४.३ मध्ये गोळा होतं.

पहिल्या प्रवेशात एक चूक हमखास होते. तिथे ऑथेल्लोचं नाव कुणीच घेत नाही. मूर, जाड ओठांचा, काळा मेंढा, बार्बरी घोडा, एवढंच. नाव पहिल्यांदा येतं ते वेनिसच्या प्रमुखाच्या, ड्यूकच्या तोंडी, कारण सायप्रस वाचवायला सेनापती हवा असतो. ‘प्रेक्षकांना कळावं’ म्हणून आधीच नाव घातलंत तर सगळं मुसळ केरात.

रंगाचं म्हणाल तर नकोच. सहा जण सदऱ्यात कागद घेऊन बसलेत आणि एकच माणूस रंगवलेला! तो पूर्वग्रह मग इयागोचा राहत नाही, तुमचा होतो.

शब्दप्रभू_नाही : ‘ऑनेस्ट’ इयागोला लावताना आपण ‘प्रामाणिक’ म्हणतो आणि बाईला लावताना ‘शीलवान’. घोटाळा तिथेच आहे. पुरुषाची पारख बोलण्यावरून आणि बाईची अंथरुणावरून, पण शब्द एकच, ही तर नाटकातली खोच. ‘नेक’ घ्या. ‘नेक इयागो’ चालतं, आणि ५.१ मध्ये एमिलिया बियांकाला वेश्या म्हणते तेव्हा ‘मी तुमच्याइतकीच नेक आहे’ हे उत्तरही चपखल बसतं.

३.३ मधलं ‘नाव माझ्या तोंडासारखं काळं झालं’ हे वाक्य जपून. फोलिओत ‘माझं नाव’ आहे, १६३० च्या प्रतीत ‘तिचं नाव’. मराठीत ‘तोंड काळं करणं’ आधीच बाईच्या वागण्याला चिकटलेलं आहे, त्यामुळे ‘तिचं’ घेतलंत की कान सरावाने पुढे जातो, कातडीचा रंग ऐकूच येत नाही. मी ‘माझं’ घेईन. इयागोने पेरलेली कातडीची लाज ऑथेल्लो इथे स्वतःच उच्चारतो.

आणि तू-तुम्ही आधी ठरवा. डेस्डिमोनाचा बाप ब्रबान्शियो ऑथेल्लोला ‘तू’ म्हणतो, ड्यूक ‘आपण’. एमिलिया त्याला चार अंक ‘आपण’ म्हणते आणि त्याने डेस्डिमोनाचा खून केल्याचं कळलं की थेट ‘तू’. मध्ये कुठे ‘तू’ निसटला तर शेवटचा फुकट.

गॅलरीतून : एवढा खटाटोप कशाला? देवलांनी ‘ऑथेल्लो’वरूनच केलेलं ‘झुंझारराव’ घ्या, १८९० पासून मराठीत आहे. कमळजा, जाधवराव ही पात्रं, भाषा, सगळं तयार.

शब्दप्रभू_नाही : देवलांची भाषा आजही चढते, वाद नाही. पण ज्याला वेनिस सारखं ‘मूर, मूर’ करतं त्याला आपण शीर्षकातच ‘राव’ लावून बसतो. यांचा विषय परकेपणा आहे.

कोथरूडकर : ४.३ ठेवतो, रंग रद्द. पण बायका दोनच, बियांका कोण वाचणार?

संहितावाला : डेस्डिमोनाच. दोघी समोरासमोर कधीच येत नाहीत : ३.४ मध्ये डेस्डिमोना गेल्यावर बियांका येते, ४.१ मध्ये बियांका गेल्यावर डेस्डिमोना. ५.१ मध्ये बियांकासमोर एमिलिया असते. आवाज बदलायला सांगू नका, ओढणी खांद्यावरून कमरेला खोचली तरी पुरे. ४.२ मध्ये नवरा डेस्डिमोनाला वेश्या म्हणतो, ती नाही म्हणते, ५.१ मध्ये बियांकाला तोच शब्द, तोच आवाज नाही म्हणतो. मधे पाण्याचा घोट घ्यायला वेळ आहे, तेवढं तिच्या प्रतीत लिहून ठेवा.