वर्गणी, थकबाकी आणि कलम १९

'अमेरिका एकटीच संयुक्त राष्ट्रांना पोसते' असं कुणी कुणी लिहितात, ते अर्धंच खरं. त्यांच्या नियमित बजेटातला प्रत्येक देशाचा वाटा, म्हणजे वर्गणी, मुख्यतः राष्ट्रीय उत्पन्नावर ठरतो, गरीब देशांना सूट मिळते आणि दर तीन वर्षांनी फेरआकारणी होते. पण एका देशाच्या वाट्याला कमाल मर्यादा २२ टक्के. २००० साली ती २५ वरून खाली आली, तीही अमेरिकेच्याच हट्टापायी. म्हणजे सवलत कुणाला, बघा! चीन २०२५-२७ साठी २० टक्क्यांवर पोचलाय, आपण जेमतेम एक टक्क्याच्या आसपास.

थकबाकीचं म्हणाल, तर संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत कलम १९ आहे: दोन वर्षांच्या वर्गणीइतकी बाकी साचली की आमसभेतलं मत जातं. १९९९ साली अमेरिकेनं वर्षअखेरीला मत वाचेल इतपतच पैसे भरले होते. सोसायटीचा मेंटेनन्स थकवणारे निवडणुकीआधी भरतात, तसंच.