मिरजेतलं तंबोऱ्याचं दुकान एआयच्या उत्तरात येतच नाही, काय करावं?

तारवाला_मिरज

नमस्कार मंडळी. मिरजेत आमचं तंबोरे-सतारी बनवायचं घरचं काम आहे, वडील आणि चुलते कामाला बसतात आणि मी बाहेरचं बघतो, म्हणजे ऑर्डरी, पॅकिंग, कुरिअर आणि वेबसाइट. साइट २०१२ सालची आहे, तेव्हा एका ओळखीच्याकडून करून घेतलेली. परदेशातनं महिन्याला पाच-सहा मेल यायचे ते आता एक-दोनवर आलेत. मागच्या आठवड्यात अमेरिकेतनं एका ताईंचा फोन आला, त्या म्हणाल्या मी आधी चॅटजीपीटीला विचारलेलं की मिरजेचा तानपुरा कुठून घ्यावा, त्यात तुम्ही नव्हता, नंबर मला गुरुजींनी दिला. मग मी स्वतः चॅटजीपीटी, पर्प्लेक्सिटी आणि गूगलचा एआय मोड तिन्हीकडं विचारून बघितलं. मिरज हे नाव येतंय, २०२४ ला सतार आणि तंबोरा दोन्हीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेपण येतंय, पण घ्यायचं कुठून म्हटलं की मोठ्या शहरातली दुकानं नाहीतर परदेशातले विक्रेते. एका उत्तरात तर तंबोऱ्याचा भोपळा म्हणजे भाजीचा लाल भोपळा असं होतं, वाचून जीव तुटला.

आता एक एजन्सीवाले म्हणतात ३० हजार द्या, एआयसाठी एलएलएम्स डॉट टीएक्सटी नावाची फाइल टाकतो, स्कीमा, म्हणजे यंत्राला माहिती ओळखता यावी म्हणून कोडमधल्या खुणा, टाकतो, ९० दिवसांत चॅटजीपीटीत पहिला नंबर. ३० हजार म्हणजे आमच्याकडं लहान रक्कम नाही. द्यावेत का? आणि नाही दिले तर मी स्वतः काय करू शकतो ते सांगा, कोडिंग येत नाही पण शिकायची तयारी आहे.

सर्व्हरवाली

दादा पैसे देऊ नका, निदान आत्ता तरी. पहिला नंबर असं तिथं काही नसतंच, तोच प्रश्न दोनदा विचारला तर दुकानांची यादी बदलते, त्यामुळे नंबराची हमी कुणी देत असेल तर तिथंच थांबायचं. ती एलएलएम्सची फाइल म्हणजे २०२४ मध्ये जेरेमी हॉवर्ड यांनी मांडलेला एक प्रस्ताव आहे, चांगल्या हेतूनं मांडलेला आहे, पण गूगलनं स्पष्ट लिहून ठेवलंय की एआय ओव्हरव्ह्यूज, म्हणजे शोधनिकालाच्या वर येणारा एआयचा सारांश, किंवा एआय मोडमध्ये यायला अशी वेगळी फाइल किंवा वेगळा स्कीमा लागत नाही, पान इंडेक्स झालेलं, म्हणजे गूगलच्या नोंदीत आलेलं असावं आणि त्याचा उतारा दाखवायला परवानगी असावी, एवढंच. फाइल टाकल्यानं नुकसान नाही, पण ती पाच मिनिटांत फुकट होते, तिचे ३० हजार होत नाहीत.

आधी बघायचं ते हे की यंत्राला तुमचं पान वाचता येतंय का. साइटच्या पत्त्यापुढे रोबोट्स डॉट टीएक्सटी लावून उघडा, कुठल्या बॉटला, म्हणजे पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रॅमला, अडवलंय ते त्या फाइलीत लिहिलेलं असतं. ओपनएआयचे बॉट वेगवेगळे आहेत, जीपीटीबॉट हा मॉडेल शिकवायला मजकूर गोळा करतो आणि ओएआय-सर्चबॉट हा चॅटजीपीटीच्या सर्चसाठी, त्यामुळे दुसरा अडवला असेल तर उत्तरात तुमची लिंक येणं अवघडच. साइट क्लाउडफ्लेअर या साइट सांभाळणाऱ्या सेवेवर असेल तर तिथली सेटिंगपण बघा, जुलै २०२५ पासून त्यांनी नव्या साइटसाठी एआयचे बॉट मुळातच अडवायला सुरुवात केली.

मग कॉम्प्युटरवर पान उघडून कंट्रोल-यू दाबा. जो कोड दिसेल त्यात तुमच्या पानावरची वाक्यं सापडतात का ते शोधा. गूगलचा बॉट जावास्क्रिप्ट, म्हणजे पान उघडल्यावर मजकूर भरणारा कोड, चालवून पान बघतो, एआयवाल्यांचे बहुतेक बॉट तसं करत नाहीत, त्यांना पहिल्या फटक्यात जे मिळतं तेवढंच त्यांचं.

तारवाला_मिरज

बघितलं ताई. रोबोट्सची फाइलच नाही, म्हणजे अडवलेलं काही नाही असं धरतो. पण कोडमध्ये गडबड आहे. साइज, लाकूड, किंमत हे सगळं एका जेपीजी चित्रात आहे, कोडमध्ये त्यातला एक शब्द नाही. आणि मराठी पान स्क्रीनवर नीट दिसतंय पण कोडमध्ये नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, काही म्हणजे काही वाचता येत नाही.

अक्षरजुळणी

हे माझ्या कामातलं आहे म्हणून लिहितो, वीस वर्षं डीटीपी केलंय. तुमचं मराठी पान जुन्या फाँटात आहे, श्रीलिपी किंवा त्या काळातला तसलाच कुठला तरी. त्यात अक्षरं आतून इंग्रजीच असतात, फक्त वरून देवनागरीचा आकार चढवलेला असतो, म्हणून आपल्याला तंबोरा दिसतो आणि यंत्राला कचरा. महाराष्ट्रातल्या किती संस्थांच्या, छोट्या धंदेवाल्यांच्या जुन्या साइट अशाच पडून आहेत, सगळा मजकूर आहे पण कुणालाच सापडत नाही. कन्व्हर्टर फुकट मिळतात, त्यातून युनिकोड करून घ्या, म्हणजे अक्षरं आतूनपण देवनागरीच होतील.

पण कन्व्हर्ट झाल्यावर एकदा डोळ्यांखालून घालाच, विशेषतः ऱ्य आणि ऱ्ह. "तंबोऱ्याचा" हा शब्द युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो, दिसायला एकच पण आतून अक्षरं वेगळी, आणि काही कन्व्हर्टर तर सरळ "तंबोर्याचा" करून टाकतात. तुमच्या तर प्रत्येक वाक्यात हा शब्द आहे. सगळीकडे एकच पद्धत ठेवा. शिवाय तंबोरा, तानपुरा, तानपूरा हे तिन्ही शब्द पानात कुठेतरी सहज येऊ द्या, लोक तिन्ही लिहितात.

सिडनीतली_गाणारी

मी गिऱ्हाइकाच्या बाजूनं सांगते. मागच्याच वर्षी तंबोरा मागवला आणि त्याआधी दोन महिने एआयचं डोकं खाल्लं. मी काय काय विचारलं ते बघा. माझा सूर पेटीवरची काळी चार आहे तर कुठल्या साइजचा घेऊ? भोपळा विमानात फुटतो का, फुटला तर जोडता येतो का? इथं थंडीत घरात हीटर लावतो, हवा कोरडी होते, तबलीला, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाला, चीर जाईल का? जवारी, म्हणजे तारेचा तो घुमणारा झणकार, प्रवासात बिघडली तर इथं कोण काढून देणार, की मला स्वतःला तारेखालचा दोरा सरकवून जमेल? चार तारांचा घ्यावा की पाच? यातल्या एकाही प्रश्नाला मला धड उत्तर मिळालं नाही, सगळीकडे तेच ते, तानपुरा हे भारतीय वाद्य आहे वगैरे. शेवटी व्हॉट्सॲपवर एका कारागिराशी बोलले आणि त्यांनी दहा मिनिटांत सगळं सांगितलं, तेव्हा मला वाटलं की अहो हे सगळं लिहून का ठेवत नाही तुम्ही लोक!

दुसरं म्हणजे पट्टी. आपण काळी एक, काळी चार, पांढरी पाच म्हणतो, पण इथली माझी गोरी मैत्रीण जी शार्प विचारते. काळी चार म्हणजेच जी शार्प हे तुमच्या पानावर कुठेतरी लिहिलेलं हवं, काळी एक म्हणजे सी शार्प हेपण, नाहीतर तिच्या प्रश्नाला तुमचं पान कसं जुळणार? पुरुषी तंबोरा आणि बायकी तंबोरा, दोन्हीची लांबी इंचात, भोपळ्याचा घेर इंचात आणि सेंटीमीटरमध्ये, पॅक केल्यावरचं वजन, हे आकडे द्या. एक इंग्रजी पान पूर्ण लिहा आणि मराठी पान वेगळं ठेवा, खिचडी करू नका.

सर्व्हरवाली

ताईंनी नेमकं सांगितलं. गूगलचा एआय मोड एका प्रश्नाचे आतल्या आत अनेक छोटे प्रश्न करतो आणि प्रत्येकासाठी वेगळा शोध घेतो, म्हणजे "काळी चारला तंबोरा घ्यायचाय, सिडनीला पाठवता का" असं विचारलं की साइज वेगळी शोधली जाते, पॅकिंग वेगळं, दुकान वेगळं. तुमच्या साइटवर "उत्कृष्ट दर्जा, पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा" एवढंच असेल तर यातल्या कुठल्याच शोधाला ते लागू पडत नाही, हजार दुकानं तेच लिहितात.

आकडेमोड

एका पेपरबद्दल सांगतो. आयआयटी दिल्ली, प्रिन्स्टन वगैरे ठिकाणच्या लोकांनी २०२३ मध्ये जिओ, म्हणजे जनरेटिव्ह इंजिन ऑप्टिमायझेशन, एआयच्या उत्तरात आपली साइट यावी म्हणून करायचे बदल, हा शब्द काढला आणि पुढे २०२४ ला केडीडी या डेटा संशोधनाच्या परिषदेत तो पेपर आला. त्यांनी वेगवेगळे बदल करून बघितले, तर मजकुरात आकडे, कुणाचं तरी थेट म्हणणं आणि माहितीचा आधार दिला की उत्तरात त्या साइटला मिळणारी जागा ४० टक्क्यांपर्यंत वाढली, आणि एकच शब्द दहादा कोंबून काही हाती लागलं नाही. तो प्रयोग त्यांच्या स्वतःच्या चाचणीतला होता, तेव्हा ४० टक्के हा आकडा तुमच्या दुकानाला जसाच्या तसा लावू नका, पण दिशा बरोबर आहे आणि सिडनीच्या ताई जे म्हणतात तेच आहे.

मोजायचं कसं तर, चॅटजीपीटीच्या सर्चमधून कुणी लिंक दाबून आलं तर पत्त्याच्या शेवटी बहुतेक वेळा यूटीएम-सोर्स या खुणेत चॅटजीपीटी डॉट कॉम लागलेलं असतं, साइटवर कोण कुठून आलं ते मोजणाऱ्या ॲनालिटिक्समध्ये दिसेल. गूगलच्या एआय उत्तरातले क्लिक मात्र सर्च कन्सोल या गूगलच्या साइटमालकांसाठीच्या साधनात नेहमीच्या वेब आकड्यांतच धरलेले असतात. बिंगच्या वेबमास्टर टूल्समध्येपण साइट नोंदवा, फुकट आहे, आपल्याकडे लोक बिंगला विसरतात पण चॅटजीपीटीचं सर्च त्याचाही आधार घेतं. आणि गूगल मॅपवर तुमचं दुकान क्लेम केलंय ना, पत्ता, फोन, नाव सगळीकडे एकसारखं आहे ना तेही बघा.

घाटावरची

मला हे सगळं वाचून थोडा रागच येतोय. मी मराठी रेसिपीची साइट चालवते. भाजणीचं प्रमाण मी कितीदा बिघडवून, पुन्हा करून बसवलेलं, आणि आता गूगल ते वरच्या वर सांगून टाकतं, माझ्याकडं कोण येतच नाही. प्यू या संशोधनसंस्थेचा २०२५ चा अमेरिकेतला अभ्यास बघा, एआयचा सारांश दिसला तेव्हा खालच्या लिंकवर क्लिक करायचं प्रमाण ८ टक्के, नाही दिसला तेव्हा १५, आणि सारांशातल्या लिंकवर जेमतेम १ टक्का. मग तुमच्या चुलत्यांनी हयातभर हाताने शिकलेली विद्या का अशी फुकट द्यायची?

आकडेमोड

ताई तुमचा राग रास्त आहे आणि तुमच्या बाबतीत मी वेगळंच सांगेन. तुमची कमाई पानावर कुणी येण्यावर आहे. पानाच्या कोडमध्ये मॅक्स-स्निपेट ही सूचना लावून किंवा काही भाग डेटा-नोस्निपेट या खुणेत टाकून गूगलला किती उतारा घेता येईल ते आवळता येतं, पण नेहमीच्या निकालात दिसणारा उतारापण त्यानं कमी होतो, ती किंमत आहेच. रोबोट्सच्या फाइलीत गूगल-एक्स्टेंडेड हे नाव अडवून एआय ओव्हरव्ह्यूज थांबतात असा बऱ्याच जणांचा समज आहे, तसं होत नाही, ते गूगलच्या नेहमीच्या बॉटनंच वाचलेलं असतं. मिरजकरांना मात्र माहिती विकायची नाही, तंबोरा विकायचाय. माहिती वाचून कुणी घरी तंबोरा बनवत नाही. त्यांना उत्तरात नाव आलं आणि माणसानं फोन केला, की झालं.

सिडनीतली_गाणारी

घाटावरची ताई, तुमच्या साइटचं नाव मला मेसेज करा. मी भाजणी तिथूनच बघेन.

तारवाला_मिरज

सगळ्यांचे मनापासून आभार. एजन्सीला नाही म्हणून कळवलं. काल रात्री जेवण झाल्यावर चुलत्यांसमोर फोन ठेवून ताईंचे प्रश्न एकेक करून विचारले. पंचेचाळीस मिनिटं बोलले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा निवडताना साल किती जाड बघायची, सुकवायला किती महिने, वाजवून कसा ओळखायचा, तूनचं लाकूडच का, तारा टेकतात त्या घोडीवर जवारी काढताना कानाला काय ऐकू आलं पाहिजे, हीटरच्या खोलीत तंबोरा कुठल्या भिंतीला ठेवू नये. हे मी जन्मापासून घरात आहे तरी अर्धं पहिल्यांदा ऐकलं. आणि लाल भोपळ्याचं ऐकून ते म्हणाले, अरे आपला तंबोऱ्याचा भोपळा कडू असतो, खातंय कोण, लिही तेवढं पहिलं.

आता प्रश्न एवढाच की हे त्यांच्याच बोलीत टाकू का? ते मिरजेचं बोलतात, "बगायचं", "हितं", मध्येच दखनी शब्द. की शुद्ध करू?

अक्षरजुळणी

त्यांचं म्हणणं अवतरणात त्यांच्याच बोलीत ठेवा, नाव घालून. त्याच्यावर दोन ओळींत तेच प्रमाण मराठीत लिहा म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल. जुन्या फाँटातली फाइल मला पाठवून द्या, ऱ्य मी बघून देतो, पैसे नकोत.