चर्च अन् उत्क्रांती
भाऊ, वर तुम्ही लिहिलं की ख्रिश्चन माणूस उत्क्रांती मानूच शकत नाही, तसं काही नाही बरं. पोप जॉन पॉल दुसरे १९९६ मधेच बोलले की हे नुसतं गृहीतक राहिलं नाही, फक्त आत्मा थेट देवाकडून येतो एवढं कॅथलिक चर्च सोडत नाही. पृथ्वी सहा हजार वर्षांची म्हणणारे ख्रिश्चन वेगळे, त्यांचा जोर अमेरिकेत जास्त. अन् उत्क्रांतीतली नैसर्गिक निवड कशी होते ते पाहाचं असंल तर यवतमाळकडच्या वावरात या ना, बीटी कपाशी (अळी मारणारं विष झाडातच असलेलं वाण) खाऊनही ज्या गुलाबी बोंडअळ्या वाचल्या त्यांचीच पैदास वाढत गेली अन् २०१७ ला कपाशीची पार वाट लागली. आता 'अळी अळीच राहिली ना' म्हणाल, तर नवीन जात व्हायला केवढा काळ लागते तेही धरा राजेहो.